रिकामा घोडा

खंडेनवमीला घरातली हत्यारं देवापुढे येतात. वैजापूर, गंगापूर, कन्नड भागातल्या जुन्या पाटीलकीच्या घरांत विळे, कोयते, पहार, नांगराचा फाळ यांच्या ओळीत कुठे कुठे एखादी ठासणीची बंदूकही मांडलेली असते. तिच्यावर पाणी शिंपडलं जातं, हळदकुंकू वाहिलं जातं, झेंडूची माळ चढते. पूजा आटोपली की घरातला एखादा पोरगा ती उचलतो, अंगठ्याने घोडा मागे ओढतो आणि चाप दाबतो. खट् असा आवाज होतो, आणि तो एकदा ऐकून कुणाचं भागत नाही. बंदूक रिकामी आहे, कुणाला इजा व्हायची नाही, म्हणून वडीलधारेही हसून बघत राहतात.

ती रिकामी आहे, हे बहुतेक वेळा कुणी तपासलेलंच नसतं. ठासणीच्या बंदुकीत बार नळीच्या तोंडातून भरतात. मागून उघडून आत डोकावता येत नाही, आणि दोन पिढ्यांपूर्वी कुणी ठासून ठेवलेली दारू आपल्याकडच्या कोरड्या हवेत आजही जिवंत असू शकते. पडताळा सोपा आहे. नळीचं तोंड कुणाच्याही अंगावर न रोखता गज आत अलगद सोडायचा, तोंडाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहायचा. त्याचं टोक कानाच्या, म्हणजे आग आत नेणाऱ्या छिद्राच्या, रेषेपर्यंत पोचलं नाही, तर आत काहीतरी आहे, आणि मग घोड्याला हात न लावता ती बंदूक जाणत्या, परवानाधारक कारागिराकडे न्यायची. माणसाच्या जिवाबद्दल एवढं तरी सांगणारं कुणी भेटतं. कळीच्या वतीने बोलणारं मात्र कुणी भेटत नाही, आणि रिकाम्या घोड्याचा सगळा मार तिलाच बसतो.

ही कळ म्हणजे दस्त्याच्या उजव्या अंगाला, लाकडात कोरून बसवलेली एक लोखंडी पट्टी. बाहेर दिसतो तो घोडा. खरा संसार पट्टीच्या आतल्या बाजूला असतो. तिथे दुमडलेल्या पोलादाची एक मोठी कमान असते. तिचं एक टोक पट्टीला टेकलेलं, दुसरं एका जाड चकतीला दाबून धरणारं. त्या चकतीचा आस पट्टीतून आरपार बाहेर येतो आणि त्यावर घोडा बसतो. चकतीच्या कडेला दोन खाचा असतात: एक खोल, अर्ध्या चढाची, दुसरी उथळ, पूर्ण चढाची. या खाचांत एका लहानशा खिळीचं नाक अडकतं. चापाचं काम एवढंच, की त्या खिळीची शेपटी किंचित वर उचलायची. चापाला स्वतःचं बळ नसतं. बळ कमानीत साठवलेलं असतं, ते अडवून धरते ती नखाएवढी खीळ, आणि खीळ हलवायला एका बोटाचा दाब पुरतो. एवढं मोठं बळ एवढ्या लहान जागेवर टेकवून ठेवणाऱ्या कारागिराचं मला नेहमी नवल वाटतं.

आता हे बळ सुटल्यावर कुठे जातं, ते पाहू. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गार धरलेली असते. घोडा पडतो तेव्हा गार समोरच्या पोलादी तव्याला खरवडत खाली येते, तवा मागे उलटतो, ठिणग्या रंजकाच्या, म्हणजे पेटवणीच्या दारूच्या, वाटीत पडतात. या खरवडण्यात आणि तव्याची स्वतःची कमान ढकलण्यात घोड्याचा बराचसा वेग खर्ची पडतो. टोपीच्या बंदुकीत तोच वेग तांब्याची टोपी चिरडण्यात जातो. दोन्हीकडे आघाताला उतरायला जागा आहे. घोड्यात गार नसताना चाप ओढला, तर वाटेत अडवायला काहीच नसतं. घोड्याचा खांदा थेट पट्टीच्या कडेवर आदळतो आणि त्याचा हादरा घोड्याच्या मानेत व चकतीच्या आसात शिरतो. ओतीव लोखंडाची मान असेल तर ती एखाद्या दिवशी तडकतेच. टोपी न लावता टोपीच्या बंदुकीचा घोडा पाडला, तर तो उघड्या निपलवर, म्हणजे टोपी बसवायच्या बोंडीवर, बसतो. निपलचं तोंड हळूहळू पसरतं, मग त्यावर टोपी नीट बसत नाही. अर्धवट बसलेली टोपी पहिल्या आघातात नुसती आत सरकते, फुटत नाही. लोक म्हणतात, बंदूक म्हातारी झाली. ती म्हातारी झालेली नसते, तिला आपण रिकामं झोडपलेलं असतं.

यावरचा उपाय जुना आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. चापाचा सराव करायचाच असेल तर गारेच्या जागी तिच्याच मापाचा लाकडाचा तुकडा जबड्यात धरायचा. टोपीच्या बंदुकीत निपलवर जाड चामड्याची चकती ठेवायची. आणि सराव करायचा नसेल, नुसता घोडा उतरवायचा असेल, तर अंगठ्याने घोडा घट्ट धरून चाप दाबायचा आणि त्याला हाताने तळापर्यंत न्यायचं. या उतरवण्यात एक बारकावा आहे. घोडा वेगाने पडत असताना मध्येच चाप सोडला तर खिळीचं नाक अर्ध्या चढाच्या खोल खाचेत आदळतं, आणि नाक तरी तुटतं नाहीतर खाचेचा ओठ तरी. म्हणून बार उडवतानाही चाप शेवटपर्यंत दाबून धरायचा असतो. चांगल्या शिकारी रायफलींच्या कळीत या खाचेवरून नाकाला पलीकडे नेणारा एक हलता तुकडा बसवलेला असे, कारण त्या बंदुकांचा चाप फार हलका असतो आणि बोट तिथे क्षणभरही टिकत नाही.

अर्ध्या चढाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सर्वांत जास्त मोडतोड तिथेच होते. ही खाच मुद्दाम आतून कोरलेली असते, खिळीचं नाक तिच्यात गुंतावं म्हणून. घोडा तिथे असताना चाप दाबून काहीही होता कामा नये. बार भरताना, रंजक घालताना बंदुकीने शांत राहावं यासाठीच ती आहे. अनोळखी हातात बंदूक येते, घोडा अर्ध्यावर असतो, चाप हलत नाही, आणि माणूस आणखी जोर लावतो. हलत नाही ते तिचं काम आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. दोन-चार वेळा असं झालं की नाकाची धार गोल होते. मग ती खाच धरते असं वाटतं, पण धरत नाही. थांबवण्याची जागा एकदा झिजली की पुढचं सगळं धोक्याचं होतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

बळ अडवून धरण्याची एक मोठी गोष्ट याच मुलखात घडली. वैजापूर तालुक्यातच पालखेड आहे. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीराव पेशव्यांनी निजाम-उल-मुल्काला तिथे गाठलं. निजामाचा तोफखाना दख्खनेत दबदबा राखून होता. बाजीराव त्याच्या समोर गेलेच नाहीत. खानदेश, गुजरात असा वळसा घालत त्यांनी निजामाला पुण्याहून औरंगाबादच्या बाजूला ओढून आणलं. या धावपळीत निजामाच्या जड तोफा मागे पडल्या. आणि पालखेडच्या रुक्ष मुलखात घोडेस्वारांनी त्याच्या फौजेभोवती वेढा आवळला. दाणा-वैरण थांबली, पाणी थांबलं. ६ मार्च १७२८ ला मुंगी-शेवगावचा तह झाला. ही कथा आपण नेहमी वेगाची म्हणून सांगतो. मला तिच्यातला दुसरा भाग मोलाचा वाटतो. वेढा पूर्ण झाल्यावर बाजीरावांनी सर्व बळ एका हल्ल्यात उधळलं नाही. ते ताणून, अडवून धरलं आणि समोरच्याला त्याची जाणीव होऊ दिली. अडवून धरलेल्या बळाला अडवणारी खीळ पक्की लागते. ती शिस्त त्या सैन्यात होती. त्याच शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांच्या फौजा स्वतः जड तोफखान्याच्या बाजूला वळल्या आणि महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉइन या युरोपीय सेनानीच्या देखरेखीखाली आग्ऱ्याला बंदुका-तोफांचे कारखाने उभे राहिले, ही पुढची गोष्ट. त्या वळणाचे फायदे इतिहासात मोजले जातात. पालखेडची ती धरून ठेवण्याची कला मात्र त्या कारखान्यांत घडणारी नव्हती.

बंदुकीच्या इतिहासातही वेग आणि टिकाऊपणा यांचा असाच झगडा दिसतो. आपल्याकडे चकमक येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही फार काळ तोड्याची बंदूक चालली. सुताचा जळता तोडा चिमट्यात धरायचा, चाप ओढला की चिमटा खाली झुकून रंजकाला आग लावतो. आपल्याकडच्या साध्या तोड्याच्या बंदुकीत चाप आणि चिमटा जवळजवळ एकाच तरफेची दोन टोकं असतात. मोठी कमान नाही, खाचा नाहीत. ती रिकामी ओढली तर काहीच बिघडत नाही. बिघडलीच तर गावचा लोहार भात्याजवळ बसून ती सरळ करून देतो. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आफोन्सो द आल्बुकर्कने तिथल्या कारागिरांच्या बंदुकांची पोर्तुगालच्या राजाकडे तोंडभरून वाखाणणी केली होती. त्यांची गणना त्याने युरोपातल्या नामांकित बंदूककारांच्या बरोबरीने केली. चकमकीची कळ फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या आरंभी आकाराला आली आणि तिने जळत्या तोड्यापासून शिपायाची सुटका केली, पण त्या बदल्यात ती नाजूक झाली. तिच्या कमानीला नेमकं पाणी दिलेलं पोलाद लागतं. पाणी कमी तर कमान वाकते, जास्त तर काचेसारखी तुटते. मराठी मुलखाने तोडा इतका काळ का सोडला नाही, याचं उत्तर मला जुन्या सवयीत दिसत नाही. दुरुस्ती कुठे होते, या प्रश्नात ते आहे.

टोपीची कथा त्याहून छोटी. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्साइथ या धर्मोपदेशकाला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकाचा भडका दिसताच पाखरं उडून जात, म्हणून त्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा उपयोग शोधला आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तांब्याची टोपी त्यानंतर दीड-दोन दशकांत रूढ झाली.

चकमकीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: ठिणगी गारेतून निघते. ती पोलादातून निघते. गारेची धार तव्यावरून पोलादाचे बारीक कण खरवडते, ते घर्षणाने तापून हवेत जळतात, तीच ठिणगी. म्हणजे प्रत्येक बाराला तव्याचा एक अंश कायमचा खर्च होतो. वैजापूरच्या काळ्या रानात नांगर फिरला की काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्या वर येतात. प्रवरेकाठी नेवाशाला हसमुख सांकलियांच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या माणसाने याच जातीच्या दगडाची काढलेली बारीक पाती सापडली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या माणसाने ज्या दगडाची धार वापरली, तोच दगड बंदुकीच्या घोड्यातही बसू शकतो. पण हाताला लागेल ती गारगोटी जबड्यात दाबणं कळीच्या जिवावर बेततं. बोजड किंवा बोथट गार तव्याला खरवडत नाही, ठोकते. तव्यावर पन्हळी पडतात आणि घोड्याला प्रत्येक वेळी धक्का बसतो. धार तव्याच्या रुंदीइतकी, तव्याला सरळ रेषेत भिडणारी हवी, आणि जबड्यात ती चामड्याच्या घडीत आवळलेली हवी. लहान कळीच्या गारेला शिशाची पट्टी गुंडाळू नये. शिशाचं वजन घोड्याच्या डोक्यावर बसतं आणि आदळताना मानेला ते पेलवत नाही.

कळ मोडण्याचं आणखी एक कारण आपल्या हवेत आहे. वैजापूरचा उन्हाळा लाकूड सुकवून काढतो आणि श्रावणात तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. दस्त्यातली कळीची खोबण त्याबरोबर सैल-घट्ट होत राहते. उन्हाळ्यात कळ सैल वाटली म्हणून बाजूचा स्क्रू जोर लावून पिळला, तर पट्टी आत ओढली जाते आणि चकती किंवा खिळीची शेपटी लाकडाला घासू लागते. खीळ मग खाचेत पुरती बसत नाही. घोडा पूर्ण चढलेला दिसतो, पण तो कडेवर टेकलेला असतो, आणि बंदूक जमिनीवर जराशी आपटली तरी सुटतो. अशा वेळी आधी स्क्रू थोडा सैल करून पाहावा. घोडा पुन्हा मोकळा फिरू लागला तर दोष लाकडाचा आहे, लोखंडाचा नाही. पुष्कळ जण याउलट करतात. चाप जड लागतो म्हणून लोहाराकडे नेऊन खिळीचं नाक कानशीने घासून घेतात. जुन्या कळीतले हे भाग बहुधा मऊ लोखंडाचे असत आणि हाडांचा कोळसा भोवती दाबून, तासन्‌तास तापवून, पाण्यात बुडवून त्यांच्यावर कठीण पोलादी साल चढवलेली असे. साल कागदाएवढीच जाड. कानशीचे चार हात फिरले की ती गेली, आणि आतलं मऊ लोखंड थोड्याच बारांत झिजतं. ‘चाप हलका करून द्या’ या मागणीने जितक्या जुन्या बंदुका बाद झाल्या असतील तितक्या गंजाने झाल्या नसतील, असं मला वाटतं.

गंजाचं मूळ दारूतच आहे. काळी दारू म्हणजे अंदाजे शंभरातले पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. जळाल्यावर निम्म्याहून अधिक वजन राखेच्या, क्षारांच्या रूपाने मागे राहतं, आणि हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. नुसतं तेल लावून ते जात नाहीत. ते पाण्यातच विरघळतात. म्हणून नळी गरम पाण्याने धुवायची, पण त्याआधी कळ दस्त्यातून काढून बाजूला ठेवायची, नाहीतर तेच काळं पाणी कानातून गळून कमानीच्या घडीत जाऊन बसतं. कळ काढताना घोडा अर्ध्या चढावर ठेवायचा, बाजूचे स्क्रू थोडे सैल करून त्यांच्याच डोक्यांवर लाकडी दांडीने हलके ठोकायचं, म्हणजे पट्टी सरळ बाहेर येते. कडेला पेचकस घालून उचकटली तर लाकडाची कड उडते. पेचकसही खाचेत ठाम बसणारा हवा. कमान काढायची ती कमानीच्या शिकंज्याने, गरजेपुरतीच दाबून. पक्कड लावून उपटलेली कमान अंगावर उडते किंवा तुटते. पुसून, वाळवून, तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. जाड तेल थंडीत घट्ट होतं आणि धूळ धरतं. बंदूक ठेवताना घोडा उतरलेला, कमान सैल.

हे नवं शास्त्र नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी गडावरच्या तोफांची पावसाळ्यातली काळजी सांगितली आहे. तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावं, तोफांचे काने मेणाने बुजवावेत, वर झाकण घालावं. दारू घरांपासून दूर ठेवावी, अधूनमधून बाहेर काढून उन्हात तापवावी आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. राज्याच्या धोरणाची चर्चा करणाऱ्या ग्रंथात तोफेच्या कानातल्या मेणालाही जागा आहे. ज्या अमात्याने मुलूख हातचा जाताना पाहिला होता, त्याला हे बारीकसारीक वाटलं नाही. आपण खंडेनवमीला ओलं हळदकुंकू थेट कळीवर वाहतो आणि दुसऱ्या दिवशी पुसायचं विसरतो. ते पाटावर वाहिलं तर पूजेत काही उणं पडणार नाही.

या बंदुकांना आजही काम आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद नावानिशी आहे. वैजापूरला लागून येवला तालुक्यात काळविटांसाठी ममदापूरचं राखीव संवर्धन क्षेत्र आहे. काळविटाला तालुक्याच्या सीमा ठाऊक नसतात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पुरं संरक्षण दिलेलं आहे, ते योग्यच आहे. कोवळं पीक एका रात्रीत खुडलं गेलेलं पाहणाऱ्या शेतकऱ्याचं दुःखही तितकंच खरं आहे. रात्रभर राखण करणाऱ्याच्या मांडीवर बंदूक अर्ध्या चढावर पडून असते. पहाटे घरी जाताना भरलेली, घोडा चढलेला अशी ती खुंटीला अडकवली जाते, तेव्हा माणूस आणि कळ दोघांवरही अन्याय होतो.

ज्या घरांत ती नुसती आठवण म्हणून आहे, त्यांच्यापुढे वेगळा पेच आहे. शस्त्र कायद्याच्याच पंचेचाळिसाव्या कलमाने कालबाह्य किंवा पुरातन हत्याराला सूट दिली आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालण्याजोगं नसेल तरच. म्हणून काही जण घोडा वेल्डिंग करून टाकतात, काही जण कमान फेकून देतात. मी याच्या विरोधात आहे. वारसाला परवाना मागता येतो, २०१६ च्या शस्त्र नियमांत त्याची वाट आहे. ते नको असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या जागी विचारून पाहावं. कारागिराच्या हाताचं काम आगीने बुजवून टाकण्याआधी एवढे कष्ट घ्यायला हरकत नसावी.

जो कोणी अशी कळ परवान्यानिशी उघडेल, त्याने प्रत्येक टप्प्यावर फोटो काढून ठेवावेत आणि कोणता स्क्रू कुठल्या भोकातला, ते वेगवेगळ्या पुड्यांवर लिहावं. १८४१ मध्ये व्हिटवर्थ या अभियंत्याने इंग्लंडमध्ये आट्यांचं प्रमाण ठरवण्याआधी प्रत्येक बंदूककार स्वतःच्या मापाने आटे पाडत असे, आणि आपल्याकडचे कारागीर त्यानंतरही बराच काळ तसेच पाडत राहिले. एकाच कळीतले दोन स्क्रू डोळ्यांना सारखे दिसतात, पण एकमेकांच्या जागी गेले की आटे कापून काढतात. त्या मापाचा स्क्रू आज वैजापुरात सोडाच, मुंबईतही तयार मिळत नाही; तो हाताने कापून घ्यावा लागतो.